कोशाच्या पट्टीखालची चावी

मी एक जुनी चावी आहे. पण मित्रांनो, कुलपाची चावी डोळ्यांसमोर आणू नका. मी छातीइतकी उंच आहे. जाड लोखंडी सळईचं माझं अंग, वर दोन्ही हातांनी धरायची आडवी मूठ आणि खाली चौकोनी खोबण. जमिनीखालच्या नळाचे वॉल्व उघडायला आणि बंद करायला पाणीपुरवठ्याची माणसं मला वापरतात. भंडारा जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत माझं सारं आयुष्य गेलं. कोणत्या, ते सांगणार नाही. तुमच्यावर माझा विश्वास नाही असं नाही, पण तुम्ही कोणाला सांगाल आणि तो पुढे कोणाला सांगेल याचा काही नेम नसतो.

हा संशयी स्वभाव मला जन्मापासून चिकटला आहे. ज्याने मला घडवलं, त्याचा जाड सळई दाखवून बारीक सळईची चावी खपवण्याचा बेत होता. नगर परिषदेचा माणूस दिवसभर समोर ठाण मांडून बसला, म्हणून मी अशी भरीव झाले. तेव्हापासून कोणी फार गोड बोललं की मी आधी त्याच्या हातांकडे पाहते. मी तयार झाल्यावर माझ्या मुठीवर छिन्नीने एक आकडा ठोकला. कार्यालयातल्या मोठ्या रजिस्टरमध्ये तोच आकडा लिहिला आणि त्यापुढे चंद्रभान नावाच्या माणसाची सही घेतली. मला वाचता येत नाही. शिवाय आपल्याच डोक्यावर काय लिहिलंय ते कोणाला दिसतं? एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चंद्रभान उंचापुरा आणि मोजकं बोलणारा. उजाडायच्या सुमाराला मला सायकलला बांधून तो पाणी सोडायला निघे. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. भाजीबाजाराच्या वॉल्वला अकरा फेरे, शाळेमागच्या गल्लीला सहा, विणकरांच्या मोहल्ल्याला साडेआठ. एक फेरा जास्त झाला की एका गल्लीत पाणी वाहून जायचं आणि दुसऱ्या गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी-गुंड्या घेऊन भांडायला उभ्या राहायच्या. चंद्रभानचा फेरा कधी चुकला नाही. मी त्याला नीट पारखलं होतं. त्याच्यात मला खोट सापडली नाही, आणि तेच मला थोडं खटकायचं.

त्याच्या हाताखाली श्रावण नावाचा नवा माणूस लागला. त्याच्या वाट्याला आखूड चावी आली होती. त्याच्या भागातला रस्ता सिमेंटचा झाला, उंच झाला, आणि वॉल्वच्या हौद्या, म्हणजे ज्यांच्या तळाशी वॉल्व असतो ते खड्डे, खोल गेल्या. आखूड चावी तळापर्यंत पोहोचेना. मग श्रावण रोज रस्त्यावर पालथा पडायचा, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि पाणी सोडायचा. एके दिवशी चंद्रभानने ते पाहिलं आणि सायकल थांबवली.

"असा पालथा काहून पडून राहिला बे?"

"चावी पुरत नाही, भाऊ. लांब चावीसाठी अर्ज देला आहे."

चंद्रभानने मला सायकलवरून सोडलं. "हे ने. चार दिवस वापर. तुही नवी आली का आणून दे. तोवर तुही मले दे, माह्या हौद्या काही खोल नाही."

श्रावणचा अर्ज कुठे गेला देव जाणे. चार दिवसांचे चार महिने झाले, चार महिन्यांची वर्षं झाली, आणि पुढे कोणी मोजलीच नाहीत. मी मात्र मनात धरून बसले होते. मला वाटलं, चंद्रभानला मी जड झाले होते, श्रावणची दया हे निव्वळ निमित्त.

त्या वर्षी दसऱ्याला श्रावणने मला पूजेसाठी घरी नेलं. त्याची बायको मंदाबाई हिचं माहेर मोहाडीकडचं, घरात कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि खालीवर करून पाहिलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही माझं वजन करतेय, बाबुलाल भंगारवाल्याला देणार, हे मी धरूनच चालले. पण तिने आतून कोशाच्या जुन्या कापडाची पट्टी आणली आणि माझ्या मुठीवर घट्ट गुंडाळली. म्हणाली, "थंडीत यायचे हात लय गारठते." त्यानंतर दर दसऱ्याला एक नवी पट्टी. जुनी काढायची नाही, तिच्यावरच नवी बांधायची. अशा सव्वीस पट्ट्या झाल्या. माझी मूठ मनगटाएवढी जाड झाली आणि माझा आकडा त्या सगळ्यांच्या तळाशी गेला.

कामाची वर्षं चांगली गेली, ते नाकारत नाही. एका उन्हाळ्यात मोठी लाइन फुटली तेव्हा श्रावणने आणि मी दोन तासांत सगळे वॉल्व बंद केले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात पुढारी होते आणि माझी मूठ होती. मूठ धरणारा माणूस कापलेला होता. तो कोणी कापला, हे मला अजून शोधून काढायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी चंद्रभान निवृत्त झाला. मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की माणूस साठीला आला, हार घातला, नारळ दिला आणि दुसऱ्या महिन्यापासून पेन्शन सुरू. तसं नसतं. आधी अर्ज भरायचा. मग सेवापुस्तकातलं पान न् पान तपासायचं, कधी लागला, कधी कायम झाला, किती रजा घेतल्या. मग नवरा-बायकोचा एकत्र फोटो, वारसाचं नाव, बँकेचं पासबुक. आणि शेवटी ना-देय दाखला, म्हणजे घरपट्टी बाकी नाही, पाणीपट्टी बाकी नाही आणि नगर परिषदेची कोणतीही वस्तू या माणसाकडे राहिलेली नाही, असा कागद. तो मिळाला की मग प्रकरण वर जातं.

हे सगळं करुणा मॅडमच्या टेबलावरून जायचं. आस्थापनेचं काम त्यांच्याकडे आणि भांडाराचा चार्जही त्यांच्याकडेच. श्रावण तेव्हा मला खिडकीला टेकवून बाहेर उभा होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"बाकी सगळं झालं, चंद्रभानजी," मॅडम म्हणाल्या. "फक्त तुमच्या नावावर लोखंडी चावी आहे, नंबर चार."

चंद्रभानने आखूड चावी टेबलावर ठेवली. तिची मूठ दोनदा तुटली होती आणि दोनदा वेल्डिंग केली होती. आकड्याच्या जागी लोखंडाचा गोळा जमला होता.

"याच्यावर नंबर दिसत नाही. हेच चार आहे, असं मी कशावरून लिहू?"

"जलमभर हेच वापरली, मॅडम."

"मी नाही म्हणत नाही. पण खाली सही माझी राहते."

माणसाचा हात एखाद्या वस्तूला सरावला की ती त्याला पहिल्या दिवसापासूनची वाटते. चंद्रभान खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. चावी तिथेच टाकून तो बाहेर आला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. नोकरीत एक पाना इकडचा तिकडे न केलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी चोर ठरवलं, असं त्याने मनाला लावून घेतलं.

गावाने लगेच निकाल लावला. मॅडमला काहीतरी पाहिजे. त्या कोणाचाच चहा घेत नसत, तोही पुरावा झाला. चहा घेत नाही म्हणजे मोठं काहीतरी घेत असणार. मीही त्या मतात सामील होते, कबूल करते. एवढ्याशा चावीसाठी कोणी माणूस अडवतं का? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि पाण्याचं मला कळतं.

श्रावणने चंद्रभानला फाटकाजवळ गाठलं. हळूच म्हणाला, "भाऊ, देऊन टाका काहीतरी. मोकळे व्हा."

चंद्रभान त्याच्याकडे पाहतच राहिला. "तुले तिनं पाठवलं काय? तुहा हिस्सा किती आहे?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चंद्रभान पुन्हा कार्यालयाची पायरी चढला नाही. तात्पुरतं म्हणून थोडं निवृत्तिवेतन त्याला मिळायचं, पण हातात यायची मोठी रक्कम अडकली ती अडकलीच. पोट चालवायला तो शहापूरच्या एका राइस मिलच्या फाटकावर चौकीदार म्हणून बसला.

यंदा श्रावणची पाळी आली. चंद्रभानचं पाहून तो पुरता सावध झाला होता. मला भांडारात ठेवायचा नाही, रोज घरी आणायचा आणि खाटेच्या पायाला साखळीने बांधायचा. मला वाटलं, झालं, आता हा मला विकणार. त्यात एके दिवशी बाबुलाल भंगारवाला आला, बोटाने मला टकटक करून म्हणाला, "किती किलो भरन?" श्रावणने त्याला हाकलून दिलं. पण हाकलताना श्रावण जरा हसला होता, आणि ते हसणं मी विसरले नाही.

मग फोटोचा दिवस आला. मंदाबाई स्टुडिओत जायलाच तयार नव्हती.

"नौकरी तुमची, फोटो माहा कायले?"

"माह्या मागं तुले पेन्शन भेटावी म्हणून."

"म्हणजे आत्तापासूनच तुमच्या मरणाची वाट पाहून राहिले ते लोक."

फोटोत ती कॅमेऱ्याकडे अशी रोखून पाहतेय की जणू फोटोवाल्यानेच काही लपवलं असावं. करुणा मॅडमनी तो फोटो शांतपणे अर्जाला लावला आणि म्हणाल्या, "आता चावी नंबर सात जमा करा. मग तुमचा कागद पुरा."

"आधी पावती द्या," श्रावण म्हणाला.

"आधी नंबर दाखवा."

मी टेबलावर आडवी होते. माझ्या एका टोकावर त्याचा हात होता आणि दुसऱ्या टोकावर मॅडमचा. कोणीच सोडेना.

"नंबर मुठीवर राहते. ही पट्टी काढा," मॅडम म्हणाल्या.

"हे माह्या घरचीनं बांधली आहे. इथं नाही काढत."

तो मला उचलून घरी घेऊन आला. मंदाबाई अंगणात बसली आणि एकेक पट्टी सोडू लागली. वरच्या पट्ट्या मळकट, आतल्या जरा उजळ, त्याच्याही आत कोशाचा मूळचा पिवळसर रंग. ती बोलत बोलत सोडत होती. ही आपली पोरगी रुचिका दहावी झाली त्या वर्षीची. ही तुमचा पाय मोडला त्या वर्षीची. मला फार उघडं उघडं वाटत होतं आणि थोडं वाईटही. शेवटची पट्टी तेलाने चिकटून बसली होती. ती निघाली तेव्हा श्रावणने ओल्या फडक्याने मूठ पुसली, खाली वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं जी?"

"चार आहे."

"मंग?"

"माही तं सात होती." त्याने फडक्याने आकडा पुन्हा पुसला. "मी रोडवर पालथा पडून पाणी सोडत होतो, तवाची गोष्ट आहे. चंद्रभानभाऊनं देली होती. चार दिवसासाठी."

मित्रांनो, आयुष्यभर मी प्रत्येकावर संशय घेतला. घडवणाऱ्यावर, चंद्रभानवर, मंदाबाईवर, करुणा मॅडमवर. आणि ज्या चावीपायी एका सरळ माणसाला तीन वर्षं चोर म्हणवून घ्यावं लागलं, ती चावी मी होते. माझी मलाच लाज वाटली.

श्रावण उठला आणि भिंतीवरची कानस काढून माझ्याजवळ बसला. पुढचं मला स्पष्ट दिसलं. दहा-बारा हात मारले की माझा आकडा गेला. मग हीच सात म्हणून जमा करायची, मागचं कोणाला कळणार नाही. मंदाबाईलाही तेच दिसलं असावं.

"हे चार नंबरची जमा केली, तं तुमची सात कुठी हाये म्हणतीन. तुमची पेन्शनबी अडकन," ती म्हणाली.

"अडकन," श्रावण म्हणाला.

त्याने कानशीचं टोक आकड्याच्या खोबणीत घातलं आणि आत साचलेला गंज हळूहळू उकरून काढला. फडक्याने पुसलं, पुन्हा उकरलं. आकडा लांबून वाचता येईल असा स्वच्छ झाला, तेव्हाच त्याने कानस खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला करुणा मॅडमपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. मॅडमनी रजिस्टर बाजूला सरकवलं. आता या पोलिसांना बोलावणार, असं माझ्या मनात आलंच, सवय एका दिवसात जात नाही. त्या उठल्या, भांडाराच्या कोपऱ्यात तीन वर्षं धूळ खात उभी असलेली आखूड चावी घेऊन आल्या आणि खिडकीच्या उजेडात धरली. वेल्डिंगच्या गोळ्याबाहेर आकड्याचं अर्धं वळण उरलं होतं.

"मी हे तीन वर्षं चार समजून पाहत होती, म्हणून जुळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "हा सात आहे."

त्यांनी कार्बन ठेवून पावती लिहिली, सही केली आणि श्रावणच्या हातात दिली. त्याचं काम झालं होतं. पेन्शन सुटली होती. तो मला मॅडमकडे सरकवू लागला.

"चार मी तुमच्याकडून नाही घेऊ शकत. ती चंद्रभानजींच्या नावावर आहे. त्यांनीच आणून द्यावी लागेल."

"ते मले पाहत पण नाही, मॅडम. मीच त्यायले म्हटलं होतं, मॅडमले काहीतरी देऊन टाका म्हणून."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मला?" त्या म्हणाल्या. मग पावतीपुस्तक मिटून म्हणाल्या, "माझ्याआधीच्या लिपिकाने न पाहता सही केली होती. त्याच्या पगारातून वर्षभर कापून घेतले. म्हणून मी पाहून सही करते." श्रावणला मान वर करता आली नाही. तसाच मला उचलून तो एसटी स्टँडवर गेला.

कंडक्टरने मला पाहून हत्यार आहे का म्हणून विचारलं. त्याचा संशय मला आवडला, माझ्या जातीचा माणूस वाटला.

शहापूरच्या राइस मिलच्या फाटकावर चंद्रभान खाकी शर्ट घालून स्टुलावर बसला होता. आत उसना, म्हणजे उकड्या, तांदळाचा वास भरून राहिला होता. येणाऱ्या ट्रकचा नंबर वहीत लिहायचा, एवढं त्याचं काम. त्याने श्रावणला पाहिलं आणि वहीत डोकं घातलं.

"मालक नाही आहे."

"मी तुमच्याकडं आलो, भाऊ."

"माह्याकडं काही काम नाही."

श्रावणने पुढे होऊन मला त्याच्या मांडीवर आडवं ठेवलं. चंद्रभान रागाने मला ढकलणार होता, पण त्याचा हात माझ्या मुठीवर पडला आणि तिथेच राहिला. त्याच्या अंगठ्याला आकडा लागला. तो अंगठा आकड्यावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. सव्वीस वर्षांनी मी तो हात ओळखला, आणि त्यानेही मला ओळखलं. ट्रकवाला बाहेर भोंगा वाजवत होता. चंद्रभानने फाटक उघडलं नाही.

"झाले काय बे तुहे चार दिवस?" तो म्हणाला.

श्रावण रडला. सरळ सांगते, तिथे फाटकाजवळ मातीत बसून रडला. चंद्रभानने त्याला उठवलं नाही. नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "इसरलो तं मीपण. माहीच वस्तू, मलेच इसर पडला."

दोघं दुसऱ्या दिवशी एकाच सायकलवर कार्यालयात आले आणि मी मध्ये आडवी होते. चंद्रभानने मला जमा केलं, पावती घेतली आणि मॅडमपुढे हात जोडले. मॅडमनी तिघांसाठी चहा मागवला. त्यांनी स्वतः घेतला तेव्हा शिपाई दारातून पाहत राहिला.

आता मी भांडारात भिंतीला टेकून उभी असते, शेजारी आखूड सात नंबरची. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूचं एवढंच मागणं आहे. उसनी आणलेली वस्तू परत करा. आणि कोणाला चोर म्हणायच्या आधी आपल्या घरातली, आपल्या हातातली वस्तू एकदा उलटीसुलटी करून पाहा. यंदाच्या दसऱ्याला मंदाबाई कोशाची नवी पट्टी घेऊन भांडारात आली आणि दारात उभी राहून विचारू लागली, बांधू का. करुणा मॅडमनी रजिस्टरमधून मान वर केली.

"बांधा," त्या म्हणाल्या, "फक्त आकडा मोकळा ठेवा."